सबीहाआपाचा तारा

सबीहाआपाने उभ्या जन्मात तारा पाहिला नव्हता. लहानपणापासूनच रातांधळी, दिवे लागले की भिंत धरून चालायची. आता चाळिशी उलटल्यावर भर दिवसाही तिला नळकांड्यातून बघितल्यासारखं दिसे. ते नळकांडं बारीक होत जाणार, इलाज नाही, असं सांगून डॉक्टर मोकळे झाले होते.

तिचा धाकटा भाऊ सिराज धामणकर नाक्यावर लग्नाचे फोटो काढायचा. त्याने मोबाइलवर तारे दाखवले, तर ही म्हणाली, "त्यात काय पन बनवतात. तू सोता काढ, मग मी मानीन." झालं, सिराजने ते डोक्यात घेतलं.

त्याच्या कॅमेऱ्यात ताऱ्यांची खास सोय होती. एकदा जागा आणि दिशा कळली की कॅमेरा आतल्या आत आपला सेन्सर ताऱ्यांमागे सरकवतो. त्यामुळे शटर बराच वेळ उघडं राहिलं तरी तारा ठिपकाच राहतो, त्याची रेघ होत नाही. फक्त आधी कॅमेरा हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवावा लागतो, म्हणजे त्याला दिशा सापडते. भिवंडीत गोदामांच्या दिव्यांपुढे तारा दिसेल तर शपथ! म्हणून सिराज स्कूटर काढून अकलोलीपलीकडच्या माळावर जाऊ लागला.

आणि प्रत्येक फोटोत रेघा. त्याने कॅमेरा पुन्हा फिरवला, सेटिंग बदलली, घरी येऊन कंपनीला शिव्या घातल्या. अख्खा उन्हाळा गेला, पण रेघा त्या रेघाच.

चूक अस्सल भिवंडीवाल्याची होती. वाऱ्याने स्टँड हलू नये म्हणून भंगारात निघालेल्या लूमची, म्हणजे यंत्रमागाची, लोखंडी वजनं त्याने कॅमेऱ्याच्या अगदी खाली बांधली होती. नाक्यावरचे फोटोग्राफर असंच करतात आणि लग्नात कुणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र एवढं लोखंड चिकटून बसल्यावर कॅमेऱ्यातलं होकायंत्र भरकटत होतं. हे शहाणपण सुचलं तेव्हा पावसाळा लागला होता. मग ढग हटेपर्यंत हात चोळत बसणं आलं. त्याच पावसाळ्यात आपाची नजर झपाट्याने गेली, पण तिने घरात कुणाला कळू दिलं नाही.

आकाश उघडल्यावर सिराजने वजनांऐवजी मातीची पिशवी टांगली. पहिल्याच फोटोत तारे सुईच्या टोकासारखे आले. माळावर एकट्याला त्याला रडू फुटलं.

मोठी प्रिंट काढून तो सकाळच्या उन्हात आपाजवळ बसला. तिने कागद नाकाला टेकवला, हळूहळू सरकवला, परत सरकवला.

"काला कागद हाय रे."

"नीट बघ ना, आपा. हा इथे." त्याने तिचं बोट धरून ताऱ्यावर ठेवलं.

"न्हाय दिसत." मग त्याचीच समजूत काढावी तशी म्हणाली, "ते तुझे बिघडलेले फोटो हायेत ना? त्यांत रेघा कशा होत्या?"

"जाड. बोटभर लांब."

"आनि तू मना दाखवले न्हाय? उन्हाळ्यात मी सुई ओवत होते, सिराज. रेघ दिसली असती. आन, आता बघू."

सिराजने ते फोटो माळावरच एकेक करून कॅमेऱ्यातून उडवले होते. बिघडलेलं काम गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही, ही त्याची धंद्यातली शिस्त. आपा हात पुढे करून बसली होती.