डावखुरा हिरो

पहिला भाग चांगला की दुसरा, यावर लोक तावातावाने भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही. एकदा पडलो होतो, तेवढं पुरे झालं.

घाटकोपरच्या आमच्या वस्तीत मंडळाची पूजा झाली की अंधार पडल्यावर गल्लीत पांढरी चादर आडवी बांधून सिनेमा दाखवत. चादरीच्या पुढे मंडळवाल्यांच्या चाळी, मागे आमची, बौद्धांची घरं. पूजेला आम्ही जात नसू. सिनेमा मात्र आपापल्या दारात बसून बघायचो. तिथेच मी तो इंग्रजी मारधाडीचा सिनेमा पाहिला. हिरो अबोल, अंगात एकच मळकं जाकीट, आणि एकटा दहा-पंधरा जणांना लोळवायचा. तेही डाव्या हाताने! मी डावखुरा. त्यापायी शाळेत छड्या खाल्ल्या होत्या, जेवताना आईची बोलणी खाल्ली होती. त्याने डाव्या हाताने बंदूक उचलली तेव्हा मला रडूच आलं. पडद्यावरची अक्षरं उलटी दिसत होती, पण इंग्रजी आम्हाला सुलट तरी कुठे वाचता येत होतं?

काही वर्षांनी दुसरा भाग आला. तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढच्या चाळीतल्या मित्राबरोबर थिएटरात जाऊन पाहिला. हेलिकॉप्टरं, स्फोट, पैशाचा नुसता धूर. आणि हिरो सगळं उजव्या हाताने करत होता. माझं डोकंच फिरलं. माझं काहीतरी कुणी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. बाहेर पडल्या पडल्या मी सुरू केलं, "वाट लावली रे सिनेमाची! हिरोचा हातच बदलला. पहिल्यात डावखुरा होता ना तो!"

"कुठला डावखुरा?" मित्र थबकला, मग खो खो हसत सुटला. "अरे येड्या, तुम्ही पडद्याच्या मागे बसायचात ना! मागून सगळं उलटंच दिसणार."

त्याच्या मनात काही नव्हतं. मला तेच जास्त झोंबलं. त्याच्याबरोबर मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला आजही चीड येते.

घरी येऊन वडिलांना विचारलं, "अण्णा, पुढे बसायला आपल्याला मनाई होती का?"

ते भाकरी मोडत होते. मान वर न करता म्हणाले, "मनाई कुणी केली नव्हती. बोलावलंही कुणी नव्हतं."