सावलीतही जांभळा राहिलेला शिक्का

औषधाची बाटली उन्हात धरून तपासता ना? मग तीच बाटली पुन्हा सावलीत नेऊन कधी पाहिलीत?

शेंदूरजनाघाटची ती घटना पोलिसातून निवृत्त झाल्यावरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एक संत्रा बागायतदार तावातावाने ठाण्यात आला. "साहेब, दोनदा फवारलं, पानावरची काळी कोळशी हटूनच नाही राहिली. औषध नकली हाय. दुकानदाराले उचला!"

कृषी अधिकारी आणि पंच सोबत घेऊन आम्ही त्या कृषी केंद्रावर गेलो. खोकी दुकानापुढच्या ओट्यावर, उन्हात फोडली. अस्सल बाटलीवरचा पांढरा शिक्का उन्हात जांभळा होतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. इथे एकूण एक शिक्का जांभळा!

"पाहा जी, मी बी प्रत्येक खेप अशीच तपासतो," दुकानदार म्हणाला.

"चोराच्या उलट्या बोंबा!" गर्दीतून कोणीतरी ओरडले.

शिक्के बरोबर दिसले तरी औषधाचा गुण आला नव्हता, म्हणून माल जप्त करून दुकानदाराला चौकशीसाठी ठाण्यात आणले. तो एवढेच म्हणाला, "लायसन गेलं तर जाऊ द्या. पण ज्यायच्या बागा गेल्या, त्यायले तोंड कसं दाखवू?"

मुद्देमालाच्या खोलीला खिडकी नाही. सील करण्याआधी मी बाटल्या पुन्हा पाहिल्या. जुन्या खेपेतली एकच बाटली उरली होती, तिचा शिक्का सावलीत पुन्हा पांढरा झाला होता. नव्या खेपेचे सगळे जांभळेच! नव्या खेपेवरची शाई बदलणारी नव्हतीच. साधा जांभळा रंग होता.

नवी खेप आणणाऱ्या एजंटाचे नाव दुकानदाराने लगेच सांगितले. तो माग अकोल्याच्या एका छापखान्यापर्यंत गेला. छापखानेवाला कानांवर हात ठेवू लागला. मी अस्सल आणि नकली, दोन्ही बाटल्या उन्हातून आणून त्याच्या टेबलावर ठेवल्या. एकीचा शिक्का पाहता पाहता पांढरा झाला. त्याने कपाळावर हात मारला.

"एजंटनं मले बाटली उन्हातच दाखवली जी! दिसली तशी छापली."

"लेका, नक्कल केली अन् तेबी अर्धीच!" हवालदार म्हणाले.

एजंट गजाआड गेला. दुकानदार सुटला आणि तक्रारदारानेच त्याला गाडीवर बसवून गावात नेले.

अर्धी नक्कल खपली, कारण आपली तपासणीही अर्धीच होती. ओट्यावर यायचे, ऊन दाखवायचे, बाटली पिशवीत टाकायची. या सवयीवरच हे लुटारू पोसले जातात. म्हणून माझे ऐका. ओट्यावरून पुन्हा दुकानात जा, शिक्का पांढरा होईपर्यंत थांबा. जांभळाच राहिला तर बाटली घेऊ नका, थेट ठाण्यात जा.