कानातली अळी

माझ्या तोंडून निघालेली गोष्ट गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत दुप्पट होते, हे आमच्या बाभुळगावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी पाहिलेला साप विजेच्या खांबाएवढा असतो. माझ्या घरच्या मिरचीनं पाहुण्याच्या कानातून धूर निघतो, आणि तो धूर मी स्वतः पाहिलेला असतो. ही अळी मात्र मी वाढवणार नाही. भाताच्या शितापेक्षा जराशी लांब, गुलाबी, तपकिरी डोक्याची. तेवढ्याशा जिवानं माझी बोलती बंद केली होती, यावरून काय ते समजा.

ते वर्ष बोंडअळीचं होतं. कपाशीचं बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत ही बया जेवायला बसलेली. तिला मारायला लोक औषधावर औषध फवारत होते, आणि फवारणारेच यवतमाळच्या दवाखान्यात भरती होत होते. गावात कुणाला नुसती उलटी झाली तरी पहिला प्रश्न एकच, "फवारलं का?" आमच्या समोरच्या खोलीत कापूस छताला टेकला होता. त्याच्यामुळे घरभर खाज. झोपेतही सगळे अंग खाजवत, मांजरसुद्धा.

आणि अशा घरात, मागच्या खोलीतल्या टेबलावर, मी कानातले बनवत होते. पॉलिमर क्लेचे. दिसायला कणीक, वागायला मेण, आणि छोट्या ओव्हनमध्ये भाजली की टणक होणारी ती माती कुरिअरनं यायची. सासूबाई तिला 'लाडू' म्हणत. मळून मळून माझे अंगठे पैलवानासारखे झाले होते. पापडाच्या लाटण्यानं लाटायची, काचेच्या तुकड्यावर ठेवायची, सुईनं कोरायची. सगळ्यात मोठा वैरी म्हणजे समोरच्या खोलीतला कापूस. त्याचा एक तंतू उडून पांढऱ्या क्लेवर बसला की सुईच्या टोकानं तो काढता काढता डोळे बाहेर येत.

"येवढा जीव पोळीले लावला असता," सासूबाई म्हणत, "तं पोळी फुगून उडून गेली असती."

नागपूरच्या कॉलेजातल्या एका मुलीनं फोनवर सांगितलं, "ताई, फुलं-पानं नको, तुमच्या भागातलं काहीतरी द्या." आमच्या भागातलं? घे मग! मी ठरवलं, कानाच्या पाळीवर पांढरं बोंड आणि खाली लोंबणारी गुलाबी अळी.

पण मनानं केलेली अळी शेवेच्या तुकड्यासारखी दिसे. म्हणून मी आमच्या यांना अळीचं बोंड आणायला सांगितलं. आदल्याच दिवशी फवारलेल्या वावरातून यांनी ते सदऱ्याच्या खिशात घालून आणलं, फोडून काचेवर ठेवलं आणि म्हणाले, "घे. मॉडेल आनली तुह्यासाठी."

त्या मॉडेलकडे पाहून मी दोन अळ्या केल्या, दोन कानांना दोन. इतक्या हुबेहूब झाल्या की खरी अळी बोंडातून मान काढून त्यांच्याशी सोयरीक जुळवायला निघाली. बरं, मान काढली नसेल. पण झाल्या होत्या हुबेहूब, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

ओव्हनची थाळी आणायला मी स्वयंपाकघरात गेले. माझी पोरगी तेव्हा दीड वर्षाची, नुकती धरून धरून चालायला लागलेली. दिसेल ते तोंडात. मागून सासूबाईंची किंकाळी आली.

"पोट्टीनं अळी खाल्ली वो!"

मी धावले. पोरगी खुर्ची धरून उभी, ओठांवर लाळ, गालात हसू. तोंडात बोट घालून पाहिलं तर काही नाही. गिळलं होतं.

"कोणती खाल्ली?" मी ओरडले.

"मले का मालूम? गुलाबी होती!"

काचेकडे पाहायचंसुद्धा सुचलं नाही. पोरीला उचललं, सासूबाईंना ओढलं, रस्त्यावरचा ऑटो अडवला. यवतमाळपर्यंत त्या ऑटोची चाकं जमिनीला लागली नाहीत असं मी नेहमी सांगते. त्या दिवशी मात्र मला चाकं दिसली नाहीत, रस्ता दिसला नाही. मी फक्त पोरीच्या छातीवर तळहात ठेवून बसले होते. हे फटफटीवर मागे होते.

दवाखान्यात सासूबाई माझ्या आधी बोलल्या. "डॉक्टरसायेब, नातीनं अळी खाल्ली."

"कुठली अळी?"

"माह्या सुनेच्या कानातली!"

डॉक्टरांनी माझ्या कानांकडे पाहिलं. मी रडत रडत क्ले, बोंड, फवारणी सगळं एका दमात सांगितलं. बॅटरीनं पोरीचे डोळे पाहत त्यांनी विचारलं, "म्हणजे एक तर माती गेली, नाहीतर विषाची अळी. काय गेलं?"

"माहीत नाही."

"तुम्हीच केल्यात ना? तुम्हाला ओळखता येत नाहीत?"

माझ्या कारागिरीला मिळालेलं ते सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

शेजारच्या खाटेवर एक माणूस होता. वाताच्या भरात तो उठून पळू नये म्हणून त्याचे हात फडक्यानं खाटेला बांधलेले. त्याच्या बायकोनं माझ्या पोरीकडे पाहिलं. "हिनंबी फवारलं काय वो?" असं विचारून मग ती स्वतःच दचकली. "माय! येवढंसं लेकरू!"

मला एकदम हिशेब सुचला. काचेवर तीन अळ्या होत्या. उरलेल्या दोन्ही मातीच्या निघाल्या तर पोरीनं खरी खाल्ली. एक मातीची, एक खरी निघाली तर माती खाल्ली. शेजारच्या काकूंकडे आमची किल्ली असे. फोन लावला.

"काकू, मागच्या खोलीत काचेवर पाहा. अळ्या किती?"

"दोन."

"हालतात?"

"नाई. मुकाट पडल्या."

मी फोन दोन्ही हातांनी धरला. भिंतीला टेकले. "तिथं सुई आहे. एकीला टोचा."

"काहून टोचू? माह्यं काय बिघडवलं तिनं?"

"काकू, टोचा हो!"

"टोचतो, टोचतो. घुसली."

"पाणी निघालं?"

"नाई बाप्पा. मेन हाय हे."

एक मातीची. आता दुसरी. "दुसरीला टोचा." पलीकडे काकूंचा श्वास ऐकू येत होता. इकडे त्या बांधलेल्या माणसाची बायकोसुद्धा माझ्या तोंडाकडे पाहत होती. मग फोनमधून एक चित्कार आला, धाडकन काहीतरी पडलं आणि सगळं शांत झालं.

"काकू? काकू!"

तेवढ्या शांततेत मी पोरीशिवायचं आख्खं आयुष्य पाहून आले. वाढवून सांगत नाही.

खरखर झाली. "बाई, फोन पडला माह्या हातून. जित्ती हाय थे! सुई लावली तशी चालाले लागली, बांगडीवर चढून राह्यली होती!"

मी मोठ्यानं ओरडले, "खोटी खाल्ली! पोरीनं खोटी खाल्ली!" सासूबाई जमिनीवर बसल्या आणि आठवतील तेवढ्या देवांना त्यांनी एकाच वाक्यात कामाला लावलं. शेजारच्या खाटेवरची ती बाई हळूच म्हणाली, "बरं झालं बाई. खोटी होती." आणि नवऱ्याच्या हाताची सैल झालेली गाठ आवळायला वळली.

डॉक्टर हसले नाहीत. "मातीसुद्धा त्याच बोंडाशेजारी ठेवली होती ना? थांबा इथंच." संध्याकाळपर्यंत आम्ही थांबलो. हे बाहेरच्या नळावर हात धूत होते. मी खिडकीतून जेव्हा जेव्हा पाहिलं, तेव्हा धूतच होते. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "डोळे पाहत राहा. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, लाळ गळायला लागली, तर तसेच परत या."

दीड वर्षाच्या लेकराची लाळ गळतच असते, हे त्यांना कुणी सांगावं! मग राहिले डोळे. घरी आम्ही आळीपाळीनं फोनची बॅटरी तिच्या डोळ्यांवर धरायचो. माझं पाहून झालं की हे, यांचं झालं की सासूबाई, चष्मा लावून. पोरीला वाटलं नवा खेळ आला. ती खिदळत डोळे ताणायची, आणि बाहुली मघाशी होती त्यापेक्षा बारीक दिसते का, यावर आम्ही तिघं भांडायचो.

दुसऱ्या दिवशी माझी कारागिरी जशीच्या तशी बाहेर आली. सासूबाईंनीच पाहिली. "डोक्शाचा रंगबी गेला नाई," त्या म्हणाल्या. लग्नाकार्यात मी सांगते की ती धुऊन, भाजून नागपूरला पाठवली. खोटं आहे. सुईचं भोक पडलेली तिची जोडीदारीण तेवढी मी भाजली, ती कपाटावरच्या डब्यात आहे. नागपूरला शेवटी फुलंच गेली.

पोरगी आता शाळेत जाते. त्यातलं तिला काही आठवत नाही. पण लाइट गेली आणि कुणी बॅटरी लावली की हातातलं सोडून समोर येऊन उभी राहते आणि डोळे मोठ्ठे करते. मी पाहते. नीट पाहून झाल्याशिवाय तिला जाऊ देत नाही.