कप्तानाने चेंडू मागून घेतला

मी अकोल्यातल्या मुलींच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि रविवारी क्रिकेटची अंपायर. कॉलेजात असताना अमरावतीला विद्यापीठाच्या संघातून खेळायचे. लग्नानंतर खेळणं सुटलं, पण मैदानाची ओढ सुटेना, म्हणून अंपायरिंगची परीक्षा दिली. सुरुवातीला पुरुषांच्या सामन्यात मी उभी राहिले की खेळाडू बुजायचे. "मॅडम हायेत रे, तोंड सांभाळा," असं विकेटकीपर सगळ्यांना बजावायचा. थोडा वेळ शांतता, मग एखादा झेल सुटला की पुन्हा तोंडं सुटायची.

बोलण्याला माझी कधीच हरकत नव्हती. आमच्याकडे मुक्यानं कोणी खेळतच नाही. एकदा बार्शीटाकळीला एक फलंदाज नुसता चेंडू अडवत उभा होता. कीपर मागून म्हणाला, "भाऊ, अंधार पडाच्या आत एखांदा रन काढा, घरी वाट पाहून राह्यले." तो फलंदाजही मागे वळून म्हणाला, "त्यायले सांगूनच आलो, जेवून घ्या म्हणून." मला हसू आवरेना, टोपी पुढे ओढून घ्यावी लागली. अशा बोलण्याने सामन्याला मजा येते. शिवीची गोष्ट वेगळी. त्या सगळ्या शिव्या कोणाच्या तरी आईवरून, बहिणीवरून असतात आणि मैदानाच्या मधोमध त्या ऐकणारी बाई मी एकटीच असते. मला कोणी काही म्हणत नाही, तरी कानावर पडलं की अंगावर काटा येतो.

हा प्रसंग अंजनगाव सुर्जीच्या एका स्पर्धेतला. अंतिम सामना अकोटचा संघ आणि अमरावतीचा एक संघ यांच्यात होता. हल्ली गावोगावच्या स्पर्धाही मोबाइलवर थेट दाखवतात. आयोजकांनी त्या वर्षी हौसेने स्टंपाजवळ छोटा माईक पुरला होता. मैदानावर जे होई ते जरा वेळाने लोकांच्या मोबाइलवर दिसे आणि ऐकू येई.

अमरावतीच्या संघाचा सगळा भरवसा एका तरण्याबांड वेगवान गोलंदाजावर होता. एवढा वेग मी आमच्या भागात फार कमी पाहिला होता. त्यांचा कप्तान चाळिशीकडे झुकलेला, अमरावतीत कापडाचं दुकान चालवणारा मुसलमान गृहस्थ. मराठी बोलता बोलता सहज हिंदीत शिरायचा. नाणेफेकीच्या वेळी त्याने समोरच्या कप्तानाच्या घरचं सगळं विचारलं होतं.

अमरावतीने आधी खेळून बऱ्यापैकी धावा केल्या. अकोटच्या डावात या वेगवान पोट्ट्याने सुरुवातीलाच दोघांना बाद केलं. मग सामना अडला एका फलंदाजापाशी. हा अकोटजवळच्या खेड्यातला शेतकरी, अंगाने आडवा, बोलायला शांत. त्याने सलग दोन चौकार मारले. गोलंदाज त्याच्या जवळ जाऊन काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, "चेंडू टाक, भाषण नको." पुढचा चेंडू त्याने आपटला आणि शेतकऱ्याने तो थेट मंडपाच्या कनातीवर फेकून दिला. षटकार. तेव्हा खेळपट्टीच्या मधोमध थांबून त्या पोराने आईवरून शिवी दिली. अगदी स्पष्ट, मोठ्याने.

दुसऱ्या टोकाला उभा असलेला त्याचा जोडीदार बॅट उगारून धावत आला. मी मध्ये शिरले. शेतकरी मात्र भडकला नाही. पुढे येऊन जोडीदाराचा हात धरून म्हणाला, "बॅट खाली घे. खेळाले आलो आपण." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ओठ कोरडे पडलेले मला दिसले.

तेवढ्यात मंडपातून तीच शिवी ऐकू आली. एका मोबाइलमधून, मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. लोक एकदम उठून ओरडायला लागले. शेतकरी माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मॅडम, माही माय बसली हाये तिकडे. पह्यल्यांदाच मॅच पाहाले आली."

काय करायचं हे मला माहीत होतं. गोलंदाजाला थांबवायचा अधिकार नियमाने अंपायरला आहे. मी दुसऱ्या अंपायरला हात केला आणि कप्तानाला बोलवायला वळले, तर कप्तान आधीच लाँगऑनवरून चालत आमच्यापाशी येऊन पोचला होता.

"क्या बोला?" त्याने गोलंदाजाला विचारलं.

"सगळेच बोलतात ना भाई. टीव्हीवरचे मोठमोठे प्लेअर बी देतात."

"ते माझ्या टीममध्ये नाहीत. तू आहेस." त्याने हात पुढे केला. "बॉल दे."

पोराला वाटलं, नुसतं रागावतोय. तो चेंडू मांडीवर घासत उभा राहिला. कप्तानाने हात तसाच ठेवला. शेवटी चेंडू त्याच्या हातात आला तेव्हा तो म्हणाला, "आज तू आता बॉलिंग नाही करणार. एकही ओव्हर नाही. जा, थर्डमॅनला उभा राहा." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हाला लिहून जे द्यायचं ते द्या. ही ओव्हर मी पुरी करतो."

त्यांचा कीपर धावत आला. "भाई, फायनल है!"

"मालूम है," कप्तान म्हणाला.

मी इतक्या वर्षांत गोलंदाजाला पाठीशी घालणारे कप्तान पाहिले, अंपायरशी हुज्जत घालणारे पाहिले, माफी मागून तोच गोलंदाज पुढच्या षटकाला परत आणणारेही पाहिले. मी सांगायच्या आधी स्वतःचं हुकमी पान असं बाजूला ठेवणारा हा पहिलाच. मी त्याला ऑफस्पिन टाकताना पाहत होते. गोलंदाजी साधीच होती, पण एका चेंडूतही घाई नव्हती.

शेतकऱ्यानेही दया म्हणून काही सोडलं नाही. कप्तानाच्या चेंडूंवर त्याने चांगले फटके मारले आणि कप्तान प्रत्येक चांगल्या फटक्याला मान हलवून दाद देत राहिला. त्याच्या संघातले लोक त्याच्याकडे बघेनासे झाले होते. शेवटच्या षटकात अकोटने सामना जिंकला. थर्डमॅनला उभा असलेला तो पोरगा तोंड पाडून तसाच आत यायला निघाला, तर कप्तानाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला मंडपाकडे वळवलं.

मलाही तिकडेच चहाला बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी जवळून ऐकलं. शेतकऱ्याची आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. नऊवारी, डोक्यावर पदर. कप्तानाने टोपी काढली. "काकू, हा आमचा पोरगा आहे. आज याच्या तोंडून फार वाईट निघालं."

"चुकलो काकू," पोरगा खाली बघत म्हणाला.

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू मले ओयखतं का?"

"नाही."

"माहं नाव माईत हाये?"

"नाही."

"मंग मले कायले शिव्या देऊन राह्यलता? तुले मारलं माह्या पोरानं. त्याले बोल ना! त्याले म्हन, वाकडा खेयतं. मी बी म्हनते."

आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेतकरीही हसला आणि त्याने त्या पोराच्या पाठीवर थाप मारली. पोराला हसावं की रडावं ते कळेना. डोळे पुसत तो पुन्हा एकदा "चुकलो" म्हणाला, पण यावेळी मान वर करून.

मी माझा अहवाल दिलाच. त्या पोरावर काही सामन्यांची बंदी आली. पुढच्या हंगामात तो अकोल्याला खेळायला आला तेव्हा मीच अंपायर होते. वेग तसाच, तोंडही सुरूच. एका वयस्क फलंदाजाच्या बॅटजवळून चेंडू सणसणत गेला, तर म्हणाला, "काका, दिसला का? नाही तर परत टाकतो." काकाही म्हणाले, "टाक बाप्पा, आवाज आला फक्त." मी टोपी पुढे ओढून घेतली.

कप्तानाला मात्र त्याच्या संघाने कप्तान ठेवलं नाही. हरलेल्या अंतिम सामन्याचा राग होता. तो अजून त्याच संघातून खेळतो, दुसऱ्याच्या हाताखाली, स्लिपमध्ये उभा राहून नव्या कप्तानासाठी टाळ्या वाजवत.

मध्यंतरी शाळेच्या मुलींच्या खेळाच्या कपड्यांसाठी मी अमरावतीला त्याच्या दुकानात गेले. त्याने चहा मागवला, कापडाचे गठ्ठे काढून दाखवले. न राहवून मी विचारलं, "त्या दिवशी त्याला टाकू दिलं असतं तर जिंकला असता का हो तुम्ही?"

"हो मॅडम," तो हातातलं कापड मोजता मोजता हसून म्हणाला, "आरामात जिंकलो असतो." मग निळा आणि हिरवा असे दोन तागे उलगडून त्याने माझ्यापुढे टाकले आणि विचारलं, "धुळीत खेळणाऱ्या मुली आहेत ना? मग हा निळाच घ्या, मळ कमी दिसतो."