अप्पांचा अडकित्ता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अप्पांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय – तुम्ही अप्पांना ओळखत नाही म्हणून.

अप्पा म्हणजे माझे वडील. उदगीरला त्यांची आडत होती. सौदा जमो न जमो, समोरच्याला स्वतःच्या हातानं सुपारी कातरून दिल्याशिवाय ते उठू द्यायचे नाहीत. दुसऱ्यानं कातरलेली सुपारी पुढं करणं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याला दारातूनच वाटेला लावणं. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, आणि नेमका उजवा हात गेला. मी त्यांना नांदेडला आणलं.

माझं टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. अप्पा तो खाटेखाली ढकलून द्यायचे. मग मला सुचलं – या हाताला चेंडू कुठं माहीत आहे? त्याला अडकित्ता माहीत आहे. सागवानाचे दोन दांडे तासले, बिजागरी बसवली, मध्ये स्प्रिंग, आत बटण. झाला कंट्रोलर. दाबला की पडद्यावरचं माकड अर्धापूरच्या केळीवर उडी मारणार. गेमही मीच केला. स्प्रिंग मुद्दाम कडक ठेवली – हाताला व्यायाम व्हावा म्हणून.

पहिल्या दिवशी माकड हललंच नाही. "अज्जा, तुमचं माकड जेवून झोपलंय काय?" माझी मुलगी गौरी म्हणाली. अप्पा हसले – पण हात पंच्याखाली लपवला.

तो लपवलेला हात मला बघवला नाही. दुपारी ते झोपले तेव्हा मी स्प्रिंग बदलली. मऊ घातली.

संध्याकाळी माकड उडालं. "जोर यायलाय की रे हाताला," अप्पा म्हणाले. तेव्हाच सांगायला नको होतं का? मी मात्र पुढच्या वेळी आणखी मऊ स्प्रिंग घातली. मग आणखी. शेवटी नुसतं बोट टेकलं तरी माकड उडायचं. अप्पा गौरीला हरवायला लागले. "जा गौराक्का, शिकून ये," म्हणून चिडवायचे. घर कसं भरून गेलं होतं.

एक दिवस म्हणाले, "त्या डॉक्टरला सांग, आता गरज न्हाई." मी सांगितलं. निव्वळ मायेपोटी? – नाही. त्यांना ऑटोत घालून न्यायचं, दुकान बंद ठेवायचं, ते सुटलं म्हणून मला हायसं वाटलं होतं.

मग उदगीरहून हाशमभाई आले, अप्पांचे आडतीतले जुने सोबती. अप्पांनी खरा अडकित्ता मागवला. सुपारी धरली. दाबलं. पुन्हा दाबलं. सुपारी निसटली, घरंगळत गेली. "रहने देव अप्पा," हाशमभाई हसून म्हणाले, "मेरे दाताँ कां हैं अब."

ते गेल्यावर अप्पांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मग मला जवळ बसवलं.

"चुकलं बाबा माझं. बरा झालेला हात, व्यायाम सोडून मीच घालवला. एवढं करून दिलंस तू – मनावर घेऊ नको."

काय बोलायला हवं होतं, ते मला माहीत होतं.

"असू द्या, अप्पा," मी म्हणालो.

त्यांनी माझी माफी मागितली, आणि मी त्यांना माफ केलं.