दोन शेपट्यांचा तारा

माझगावच्या आमच्या चाळीत नाताळ दरवर्षी वेगळ्या देशातून यायचा. शेजारच्या खोलीतली मावशी ख्रिस्ती, तिचा नवरा जहाजावर स्वयंपाकी. जाईल तिथलं नाताळचं एक रंगीत कार्ड तो घेऊन येई, आणि माझा दादा ते कार्ड समोर ठेवून मावशीच्या दारात तो देश उभा करी. दादा गोदीत फिटरच्या हाताखाली होता, पण बोटं कंदील करणाऱ्याची. दिवाळीतल्या उरलेल्या कामट्या तो मावशीसाठी राखून ठेवायचा.

एका वर्षी कुठल्याशा थंड देशातल्या कार्डावर गवताचा बोकड निघाला. दादानं कॉटन ग्रीनच्या वखारीतून पेंढा आणून बोकड बांधला, त्याला लाल फीत गुंडाळली. मावशी नवस फेडतेय की काय, असं चाळीतल्या म्हाताऱ्या विचारत होत्या. दुसऱ्या वर्षीच्या देशात पोरं खिडकीत बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. आमच्याकडे बूट कुणाच्या बापाकडे होते? दादानं चपला मांडल्या. सकाळी माझ्या चपलेत खरंच कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा होता.

शेवटचं कार्ड कुठल्या तरी गरम बेटांवरचं होतं. त्यावर बांबूचा पाच टोकांचा तारा, खाली कागदी झिरमिळ्यांच्या दोन शेपट्या. ते पोचलं तेव्हा नाताळ उलटून गेला होता. दादानं तरी सांगाडा बांधला आणि पुढच्या नाताळाला होईल म्हणून माळ्यावर टाकला.

त्याच जानेवारीत, मुंबईसाठी रस्ते पेटले होते तेव्हा, दादा लालबागला मोर्चात गेला आणि गोळी लागून गेला. वीस वर्षांचा होता.

त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. दुखवट्याच्या घरी कढई चढत नाही, शेजारीपाजारी फराळ आणून देतात. दिवाळीला सगळ्यांत आधी फराळ आणला तो मावशीनं. चकली तिला कधी जमली नाही, तरी तुकडे तुकडे झालेल्या चकल्या तिनं आमच्यासाठी केल्या होत्या.

डिसेंबरात तिनं मला नळावर गाठलं.

"तुजे आयला इचार गो, यंदा तारा लावूं का नको?"

मी आईला विचारलंच नाही. तेरा वर्षांची होते आणि आतून नुसती धुमसत होते. चाळीत कुणी मोठ्यानं हसलं तरी मला तो दादाचा अपमान वाटे. तो नाही, आणि हिच्या दारात दिवे? कळशी उचलता उचलता मी सांगून टाकलं, आई नको म्हणते. मावशीनं मान हलवली आणि माझी दुसरी कळशी दारापर्यंत आणून दिली.

दोन दिवसांनी शाळेतून आले तर आई माळ्यावरचा तो सांगाडा मांडीवर घेऊन पुसत होती. शेजारी लाल पतंगी कागद. आपल्या घरी सण नसला तरी तिच्या दारात त्याच्या हातचं लागायला हवं, असं ती म्हणाली. पण दुसऱ्याच्या सणाला दुखवट्यातल्या बाईनं आपण होऊन वस्तू कशी न्यायची? मावशी मागायला येईल तेव्हा देऊ, असं तिनं ठरवलं होतं. मला तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी दप्तर खुंटीला लावलं आणि भात खायला बसले.

नाताळच्या संध्याकाळी आई दिवेलागणीपासून गॅलरीत उभी होती. मावशीच्या दारात अंधार. मावशी काही मागायला आली नाही. जेवणवेळेला आईनं आत येऊन सांगाडा पुन्हा माळ्यावर ढकलला.

"माझो झील गेलो, आणि ही इसारली," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी मावशीकडून नेवऱ्यांची ताटली आली. नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्याच. शेजारणीची ताटली रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे मला आईनंच शिकवलेलं. त्या दिवशी तिनं नेवऱ्या डब्यात काढल्या, ताटली धुतली, पुसली आणि तशीच माझ्या हातात दिली. मावशीनं ती घेतली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि दुखवट्यात बिचारी कुठून काय घालणार, असं काहीसं पुटपुटली. आईचा राग तिला कळलासुद्धा नाही. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि मी मूग गिळून बसले. त्यानंतर आई तिच्याशी कामापुरतंच बोले. पुढच्या उन्हाळ्यात मावशीचा नवरा जहाज सोडून आला आणि ती दोघं वसईला निघून गेली.

महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी दारोदारी कंदील लागले. आईनं सांगाडा उतरवला. मी कागद चिकटवला, शेपट्या लावल्या, आणि दादाचा तारा आमच्याच दारात पेटला. त्याच्याकडे बघणारी आई मला बघवेना. मावशीनं नळावर विचारलं होतं, नको मीच म्हटलं होतं, सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

आई शेजारच्या दाराकडे बघत राहिली. तिथे आता दुसरं बिऱ्हाड होतं.

"मग गे," ती म्हणाली, "तिची ताटली मी रिकामी धाडलंय."