सात बाटल्यांतले पाणी

गोष्टी गोळा करायला मला कुठे जावे लागत नाही. परसात पापड वाळत घालताना जरा जास्त वेळ लावला की पुरे! आमच्या आणि दाजीकाकांच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत. पलीकडे तीन विद्वान बोलतात, अलीकडे मी पापड उलटते. या एका सुट्टीतच इतके साठले की पापड वाळून डब्यात गेले तरी मी आपली परसातच!

ते तीन विद्वान म्हणजे मुंबईच्या कॉलेजातले विद्यार्थी. सदाशिव हा दाजीकाकांचा मुलगा, तो रसायन शिकतो. गोविंद संस्कृत शिकतो, नारायण कायदा. दोघे सुट्टीपुरते ठाण्याला सदाशिवाकडे आलेले. प्रोफेसर साहेबांनी काम दिले होते : विषय एकच घ्या, तिघांनी आपापल्या शास्त्राने तपासा आणि तुलना करून कॉलेजच्या सभेत एक निबंध वाचा. यांनी ठाण्याच्या चार आणि कल्याणच्या तीन विहिरी घेतल्या.

सदाशिव एकदा फेल झालेला. दाजीकाका कचेरीत अव्वल कारकून. त्यांनी सांगून टाकले, "निबंध साहेबांना पसंत पडला तर कॉलेज. नाही तर त्यानंतरच्या सोमवारपासून कचेरीत उमेदवारी!"

पोराला आई नाही. त्यामुळे काळजी करायचे खाते माझ्याकडे.

*

नारायण कल्याणच्या विहिरीवर गेला. वही उघडून एकेकीला विचारू लागला, "या विहिरीवर हक्क कोणाचा?"

बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "जिचा पोहरा आधी वर येईल तिचा! सर बाजूला, पाय ओले होतील."

कठड्यापासून दहा पावलांवर एक बाई रिकामी घागर घेऊन उन्हात बसली होती. याने तिलाही विचारले.

ती म्हणाली, "हक्काचं त्यांना विचारा, दादा. मला कुणी ओतलं तर पाणी. नाही ओतलं तर बसायचं."

माझे माहेर कल्याणचे. त्या विहिरीवर मी परकरी असल्यापासून पाणी भरले. दूर ठेवलेल्या घागरी रोज पाहिल्या. त्यांच्यापाशी बसलेलीला काही विचारावे, असे माझ्या मनात कधी आले नाही.

नारायणाने दोन दिवस वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी गोविंदाने विचारले, "काय रे, कायदा काय म्हणतो?"

"कायदा अजून तिच्याजवळ पोचलाच नाहीये," नारायण म्हणाला.

*

गोविंदाचे प्रकरण होते 'उत्तम जल'. जुन्या ग्रंथांतून त्याने पाण्याचे सगळे गुण उतरून काढले. सर्वांत श्रेष्ठ ते गोड पाणी, असे ठरले. मग प्रत्यक्ष लोकमत घ्यावे म्हणून तो खाडीवर मिठागरात गेला. तिथे एक म्हातारा मीठ ओढत होता.

"बाबा, सर्वांत उत्तम पाणी कोणतं?"

"खारं!"

"आणि गोड?"

"गोड पानी वैरी आमचा! वरून सर आली का महिन्याची मेहनत गेली. पोथीवाल्या, जेवनात मीठ खातोस ते कंच्या पान्याचं?"

गोविंदाने घरी येऊन प्रकरणाचे नाव खोडले आणि नवे लिहिले : 'उत्तम जल, पिण्यापुरते'.

*

मग निबंधात आधी कोणते शास्त्र घ्यायचे यावर जुंपली.

नारायण म्हणे, "हक्क नसेल तर पाणी काढणार कसं? आधी कायदा!"

गोविंद म्हणे, "पाणी हा शब्दच नसेल तर हक्क सांगणार कशावर? आधी भाषा!"

सदाशिव म्हणे, "पाणीच नसेल तर दोघे काय करणार?"

दुपार टळत आली. शेवटी मी भिंतीवरून ओरडले, "आमटी तिसऱ्यांदा गरम केलीय रे! येताय की ओतू?"

तिघे मुकाट्याने पाटावर. त्या दिवशी आधी जेवणशास्त्र झाले!

*

आता माझी गोष्ट. ती कशी लपवू?

सदाशिवाने सात विहिरींचे पाणी सात बाटल्यांत भरून ओसरीवर ओळीने ठेवले. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. बाटलीत साबणाच्या पाण्याचे थेंब टाकायचे आणि फेस किती टिकतो ते बघायचे, अशी त्याची तपासणी. पण कल्याणच्या फेऱ्यांत चार दिवस तसेच गेले.

मी सकाळी झाडलोट करायला गेले तर पाणी चार दिवसांचे शिळे, तळाशी गाळ! आमच्याकडे शिळे पाणी रोज तुळशीला जाते, भांडी घासून ताजे भरले जाते. आई नसलेल्या घरात हे कोण बघणार? मी सातही बाटल्या रित्या केल्या, राखेने लखलखीत घासल्या आणि आमच्या परसातल्या विहिरीचे पाणी भरले. चिठ्ठ्या मात्र जिथल्या तिथे लावल्या. चार पुस्तके शिकलेय मी, काही अडाणी नाही!

संध्याकाळी सदाशिव उड्या मारत भिंतीशी आला. "काकू! सातही विहिरींना फेस सारखाच! ठाणे-कल्याणच्या पोटात एकच पाणी आहे!"

अर्ध्या तासात गोविंदाला त्याला आधार देणारे जुने वचन सापडले आणि नारायणाला कायदा!

मला इतका आनंद झाला की मी म्हणाले, "असणारच रे! सकाळीच ताजं भरलंय मी."

सदाशिवाच्या उड्या थांबल्या. निबंध दुसऱ्या दिवशी वाचायचा होता. मी पदर डोळ्यांना लावला.

गोविंद हळूच म्हणाला, "साहेब काय विहिरी बघायला येणारेत?"

नारायणही खाली बघून म्हणाला, "सदू, सोमवार आठव."

सदाशिव म्हणाला, "काकू, रडू नका. फेस खरा होता."

*

पुढचे मला नारायणाने सांगितले. सकाळच्या गाडीने तिघे मुंबईला गेले. दाजीकाकाही बरोबर गेले, मुलाचे सामान परत आणायला लागलेच तर म्हणून. गोविंद-नारायणांनी आपापले वाचले. मग साहेबांनी सदाशिवाला विचारले, "सातांपैकी चांगलं पाणी कोणतं?"

सदाशिव उभा राहिला. "साहेब, त्या सातांचं मला सांगता येत नाही. ते तुळशीला गेलं. पण शेजारच्या काकूंच्या विहिरीचं पाणी मी सात वेळा तपासलंय. सातही वेळा उत्तर एकच आलं!"

सभा खो खो हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी निबंध परत दिला : अपुरा, पसंत नाही.

दाजीकाका संध्याकाळच्या गाडीने मुलाला घेऊन परतले. दिवे लागायच्या वेळी ते घरात न जाता थेट आमच्या ओसरीवर आले. मागे मान खाली घालून सदाशिव.

"वहिनी, तांब्याभर पाणी द्या."

मी आणून दिले. त्यांनी सगळे पाणी सावकाश संपवले. तांब्या खाली ठेवला.

"बाटल्या कुठायत?"

"घासून पालथ्या घातल्यात," मी म्हणाले.

दाजीकाका मुलाकडे वळले. "सदू, सोमवारी मी कचेरीत रजा टाकतोय. कल्याणची पहिली गाडी धरू. बाटल्या मी सांभाळीन."